चार इंच जास्तीचा पंख

माझ्या लहानपणी हिंगणघाटला कापसाचा हंगाम सुरू झाला, की बाजाराच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागे. वर्धा जिल्ह्यातली आम्ही मुले ती रांग बघतच मोठी झालो. गाडीत माल भरणे हे कुणीही उठून करावे असे काम नव्हते. माल मागच्या बाजूला जास्त झाला, की गाडी उलाळायची. धुरी वर उचलली जायची, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहायचे आणि गळ्याखालचा पट्टा त्यांना आवळायचा. माल पुढे जास्त झाला, तर सगळा भार जुवावर येऊन बैलांच्या खांद्यांना सूज यायची. गाडी भरून झाली, की माझे आजोबा बैल जुंपण्याआधी धुरी एका हाताने उचलून बघत. हाताला जेवढे वजन लागे, त्यावरून ओझे पुढे सरकवायचे की मागे, हे ठरे. गाडीत एकंदर किती माल आहे, यापेक्षा तो आसाच्या पुढे किती आणि मागे किती, याची त्यांना जास्त काळजी असे.

पुढे बऱ्याच वर्षांनी विल्बर राइटचे चरित्र वाचत होतो. १७ डिसेंबर १९०३ रोजी ज्या विमानातून माणूस पहिल्यांदा इंजिनाच्या बळावर उडाला, त्याचा उजवा पंख डाव्या पंखापेक्षा चार इंचांनी लांब होता, असे त्यात आले. मला आधी ती छपाईची चूक वाटली. चूक नव्हती. इंजिन मधोमध न बसवता थोडे उजवीकडे बसवले होते आणि चालक डावीकडे पालथा झोपत असे. इंजिन चालकापेक्षा तीसेक पौंडांनी जड होते. जड बाजूला उचल थोडी जास्त मिळावी, म्हणून त्या बाजूचा पंख चार इंच वाढवला होता. ते वाचले आणि आजोबांचा धुरीखालचा हात आठवला.

माणूस उडाला तो इंजिनाचा शोध लागल्यामुळे, अशी आपली एक सर्वसाधारण समजूत असते. शाळेच्या पुस्तकातही दोन ओळींत तेवढेच येते. विल्बर राइटचे आयुष्य बारकाईने पाहिले, तर गोष्ट वेगळी दिसते. त्याच्याजवळचे इंजिन त्या काळच्या मानानेही साधेच होते. त्याच्यापेक्षा किती तरी चांगले इंजिन असलेला माणूस त्याच महिन्यात नदीत पडला. विल्बर उडाला, कारण वजन कुठे ठेवायचे आणि ते हलले तर काय करायचे, हा प्रश्न त्याने इंजिनाच्या आधी सोडवला होता.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, मिलव्हिलजवळ झाला. धाकटा भाऊ ऑर्व्हिल चार वर्षांनी, १८७१ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन गावी जन्मला. वडील मिल्टन राइट धर्मोपदेशक, पुढे बिशप झाले. त्यांची सतत फिरती असे. घरात पुस्तके भरपूर आणि मुलांनी काहीही विचारावे अशी मोकळीक. हत्यारे हाताळण्याचे कसब मात्र मुलांना आईकडून आले. आई सुझान ही गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. वडिलांच्या कारखान्यात वावरून तिचा हात तयार झाला होता. घरातली किरकोळ दुरुस्ती तीच करी आणि मुलांना खेळणीही करून देई. घोडागाडी बांधणाऱ्याच्या नातवंडांनी विमान बांधावे, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

१८७८ मध्ये वडिलांनी फिरतीवरून येताना एक खेळणे आणले. बूच, बांबू, कागद आणि रबर यांचे ते भिंगरीसारखे यंत्र हातातून सोडले, की छताला जाऊन लागे. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता. दोघा भावांनी तसलीच पण मोठी यंत्रे करून पाहिली. जितके यंत्र मोठे, तितके ते कमी उडे. दुप्पट लांबीच्या वस्तूचे वजन दुप्पट होत नाही, आठपट होते, हे गणित त्या वयात त्यांना कळले नव्हते. पण वजन आपल्या विरुद्ध उभे आहे, एवढे मात्र दिसले होते.

विल्बर हुशार विद्यार्थी होता. त्याला येल विद्यापीठात पाठवायचे घरात घाटत होते. १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावरच्या खेळात एकाची काठी त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दात गेले, त्यामागोमाग छातीत धडधड आणि अशक्तपणा सुरू झाला. कॉलेजचा विचार मागे पडला. त्याच सुमारास आईचा क्षय बळावला. पुढची तीन-चार वर्षे हा तरुण घराबाहेर फारसा पडलाच नाही. आईला जिन्यावरून उचलून खाली आणायचे, रात्री परत वर न्यायचे आणि मधल्या वेळात वडिलांच्या कपाटातली पुस्तके वाचायची, हाच क्रम होता. ४ जुलै १८८९ ला आई गेली. तेव्हा विल्बर बावीस वर्षांचा होता. हातात पदवी नव्हती, धंदा नव्हता.

धाकट्या ऑर्व्हिलने छापखाना काढला होता, त्यात विल्बर सामील झाला. सायकलचे वेड आले तेव्हा, १८९२ च्या अखेरीस, दोघांनी सायकलचे दुकान काढले आणि १८९६ पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली विकायला सुरुवात केली. दोघांनीही लग्न केले नाही.

सायकलच्या धंद्याने त्यांना पैसे दिले, तशीच एक दृष्टीही दिली. सायकल स्वतःहून उभी राहत नाही. ती पडत असते आणि बसणारा तिला क्षणाक्षणाला सावरत असतो. आमच्याकडे खेड्यांतून वर्ध्याला दूध घालायला येणारे गवळी सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन टांगून येत. परतीला एक कॅन रिकामा आणि एकात काही शिल्लक असले, तरी ते अंग किंचित कलते ठेवून आरामात जात. ते शरीराला कळलेले असते. विमानाच्या नादी लागलेल्या इतर मंडळींना उलट असे विमान हवे होते, जे गाडीसारखे आपोआप स्थिर राहील. विल्बरला सायकलसारखे विमान हवे होते. ते डगमगणारच, पण चालकाच्या हाती ते सावरण्याचे साधन असले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

या आग्रहाला एका मृत्यूची पार्श्वभूमी होती. जर्मनीत ओटो लिलिएंथाल हा इंजिनियर टेकडीवरून पंख बांधून तरंगत असे. दोन हजारांच्या आसपास उड्डाणे त्याने केली होती. पंखांखाली लोंबकळत तो पाय पुढे-मागे, डावी-उजवीकडे झोकून तोल राखी. म्हणजे स्वतःच्या अंगाचे वजन हेच त्याचे सुकाणू. ऑगस्ट १८९६ मध्ये वाऱ्याच्या एका झोताने पंखाचे नाक वर उचलले, वेग संपला, आणि अंग झोकून ते खाली आणायला वेळच उरला नाही. तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला मरण पावला. त्या दिवसांत ऑर्व्हिल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. विल्बरने त्याची शुश्रूषा केली आणि लिलिएंथालविषयी जे मिळेल ते वाचले. सत्तर किलोच्या माणसाने अंग हलवून सावरता येईल, यापेक्षा वाऱ्याचा धक्का मोठा असू शकतो, ही गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली.

३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीचे वाङ्मय मागवले. त्याच उन्हाळ्यात दुकानात एका गिऱ्हाइकाशी बोलताना सायकलच्या ट्यूबचा रिकामा लांबट खोका तो हातात फिरवत होता. खोक्याची दोन टोके त्याने उलटसुलट पिळली आणि त्याला दिसले, की विमानाचे पंखही असे पिळता येतील. मग एका बाजूची उचल वाढेल, दुसरीची कमी होईल आणि अंग न झोकता तोल सावरेल. पक्ष्यांच्या पंखांची टोके तो हेच करताना पाहत आला होता.

१९०० च्या सप्टेंबरात तो समुद्रकाठच्या किटी हॉक या ओसाड गावी पोचला. तिथे वारा भरपूर होता आणि पडले तरी खाली वाळू होती. पंखांचे कापड ठरल्यापेक्षा लहान पडले, तेव्हा ज्या घरी तो उतरला होता, तिथल्या बाईच्या शिवणयंत्रावर त्याने ते स्वतः बेतून शिवले. हंगाम संपल्यावर ते पंख वाळूतच टाकून तो परतला. त्या बाईने कापड काढून घेतले आणि आपल्या मुलींना झगे शिवले. पहिल्या विमानाचे पूर्वज इतके घरगुती होते.

१९०१ चे मोठे पंख सपशेल फसले. उचल हिशेबापेक्षा कितीतरी कमी मिळे. परतीच्या गाडीत विल्बर इतका निराश होता, की आपल्या हयातीत माणूस उडणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती. पण घरी आल्यावर त्याने दोष नशिबाला दिला नाही, छापील कोष्टकांवर संशय घेतला. दोघांनी सहा फूट लांबीचा लाकडी खोका केला, एका टोकाला पंखा लावला आणि आत करवतीच्या पात्यांचे तुकडे व सायकलच्या तारा जोडून नाजूक तराजू बसवले. पत्र्याचे सुमारे दोनशे लहान पंख त्या वाऱ्यात एकेक करून तोलले. १९०२ च्या शरद ऋतूत या मापांवरून केलेले पंख घेऊन ते पुन्हा वाळूवर गेले आणि सातशेहून अधिक वेळा तरंगले. आता त्यांना बिनइंजिनाचे विमान पूर्णपणे ताब्यात ठेवता येत होते. इंजिनाचा विषय त्यांनी काढला तो यानंतर.

डिसेंबर १९०२ मध्ये त्यांनी मोटारी बनवणाऱ्या अनेक कारखान्यांना पत्रे पाठवली. किमान आठ अश्वशक्तीचे, दोनशे पौंडांच्या आतले इंजिन हवे होते. एकाकडेही तसे नव्हते. शेवटी दुकानातला मिस्त्री चार्ली टेलर कामाला लागला. एक लेथ, एक ड्रिल आणि कागदाच्या चिठोऱ्यांवर काढलेली चित्रे, एवढ्या सामग्रीवर त्याने सहा आठवड्यांत इंजिन उभे केले. मुख्य ठोकळा लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा ओतवून घेतला, तेही वजनासाठीच. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी चालू असताना बेअरिंग अडकले आणि ठोकळा तडकला. पुन्हा ओतकाम करावे लागले. या इंजिनाला कार्बुरेटर नव्हता, स्पार्क प्लग नव्हते. पेट्रोल वरच्या डब्यातून नुसते उतरत येई. वजन साऱ्या साहित्यासह १८० पौंडांच्या आसपास, म्हणजे ८२ किलो. ताकद मिळाली बारा अश्वशक्तीची.

ठरवल्यापेक्षा ही ताकद बरीच जास्त होती. ती भावांनी वेगासाठी खर्च केली नाही. सांगाडा आणि पंख मजबूत करायला सुमारे दीडशे पौंड जास्तीचे वजन घालता येईल, असा हिशेब करून ती तिकडे वापरली. इंजिन मधोमध ठेवले नाही, कारण विमान नाकावर आपटले तर ते झोपलेल्या चालकाच्या अंगावर येईल. मग ते उजवीकडे, चालक डावीकडे आणि उजवा पंख चार इंच लांब. मागचे दोन पंखे सायकलच्या धर्तीवर साखळ्यांनी फिरवले. दोन्ही एकाच दिशेने फिरले असते, तर विमान एका अंगाला कलले असते. म्हणून एका साखळीला पीळ देऊन तो पंखा उलटा फिरवला. विमानाचे वजन चालकाशिवाय ६०५ पौंड, म्हणजे २७४ किलो भरले.

याच वेळी वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँग्ली आपले विमान तयार करत होते. मोठा शास्त्रज्ञ, मोठे नाव. सरकारने त्यांना पन्नास हजार डॉलर दिले होते. त्यांचा सहकारी चार्ल्स मॅन्ली याने बनवलेले इंजिन त्या काळातला चमत्कारच होते. दोनशे पौंडांच्या आसपास वजन आणि बावन्न अश्वशक्ती. राइट बंधूंच्या इंजिनात एका अश्वशक्तीमागे पंधरा पौंड वजन पडे, तर मॅन्लीच्या इंजिनात चारच. नुसत्या इंजिनावर उडता आले असते, तर इतिहासात आज मॅन्लीचे नाव असते. पण लँग्लींनी इंजिनाआधी चालकाला तोल शिकवला नव्हता. माणूस बसवून ते विमान कधी तरंगवूनही पाहिलेले नव्हते. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ असे दोनदा ते पोटोमॅक नदीतल्या तराफ्यावरून सोडले आणि दोन्ही वेळा सरळ पाण्यात गेले. सोडण्याच्या यंत्रणेत ते अडकले असे लँग्लींचे म्हणणे होते. सांगाडाच कमकुवत होता, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. मॅन्ली थंडगार पाण्यातून कसाबसा वाचला.

दुसऱ्या अपघाताची बातमी ऑर्व्हिलने आगगाडीत वाचली. पंख्यांचे दांडे तडकले म्हणून तो नवे करून आणायला डेटनला गेला होता आणि परत किटी हॉककडे निघाला होता. १४ डिसेंबरला नाणे उडवून विल्बरचा पहिला नंबर आला. त्याने नाक जरा जास्तच वर उचलले, वेग गेला आणि साडेतीन सेकंदांत विमान वाळूत बसले. १७ तारखेला बोचऱ्या थंडीत ऑर्व्हिल बारा सेकंद उडाला, १२० फूट गेला. दुपारी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला आणि ८५२ फूट अंतर त्याने कापले. पुढे जमिनीवर उभे असताना वाऱ्याने ते विमान उलथवले, इंजिन फुटले. ते विमान पुन्हा कधी उडाले नाही. चार वर्षांचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत होता.

इथे बहुतेक गोष्टी संपतात. मला मात्र यापुढची दोन वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात, कारण त्या पहिल्या विमानात एक मोठा दोष होता. डाव्या-उजव्या बाजूचा हिशेब जमला होता, पण पुढच्या-मागच्याचा जमला नव्हता. विमान मागे जड होते. आमच्या भाषेत, गाडी उलाळत होती.

विमान मागे जड असले, की नाक आपोआप वर जाते. नाक वर गेले की वेग घटतो, वेग एका मर्यादेखाली घटला की पंखांची उचल एकदम नाहीशी होते आणि विमान दगडासारखे खाली येते. पुढे जड विमान आळशी असते, लवकर उठत नाही, उतरताना त्रास देते, पण ते चालकाला सावरायला वेळ देते. मागे जड विमान तो वेळ देत नाही. १९०३ चे विमान पाण्यातल्या डॉल्फिनसारखे वर-खाली होत गेले, ते यामुळे. १९०४ मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या गायरानावर दुसरे विमान घेऊन दोघे उतरले. त्यांनी आधी इंजिन व चालक आणखी मागे सरकवून पाहिले. दुखणे वाढले. तेव्हा उलट करून नाकाशी सत्तर पौंड लोखंडाच्या कांबी बांधल्या आणि विमान बरेच वठणीवर आले. एवढी धडपड करून इंजिनातून पौंड-पौंड वाचवायचा आणि मग सत्तर पौंड निव्वळ लोखंड हौसेने उचलायचे! पण विल्बरला त्यात कमीपणा वाटला नाही. जड पण तोलातले विमान हलक्या पण बेतोल विमानापेक्षा चांगले, हे त्याने पाहिले होते. २० सप्टेंबर १९०४ ला त्याने हवेत पहिले पूर्ण वर्तुळ काढले. पुढच्या वर्षी एका अपघातानंतर नाकापुढची पाती मोठी करून आणखी पुढे नेली. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर ३९ मिनिटे उडाला, गायरानाला घिरट्या घालत २४ मैल. खरे उपयोगाचे विमान त्या दिवशी जन्मले, असे मी मानतो.

नंतर अडीच वर्षे दोघांनी विमान उडवले नाही. पेटंटचा आणि विक्रीचा करार होईपर्यंत कुणाला काही दाखवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. जग त्यांना थापाडे म्हणू लागले. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समधल्या ल माँ गावच्या घोडशर्यतीच्या मैदानावर विल्बर पावणेदोन मिनिटे उडाला आणि सगळी कुजबुज थांबली. या विमानात दोघे बसू शकत. दुसऱ्याचे आसन त्याने अगदी मधोमध, तोलाच्या जागी ठेवले होते. त्या जागी माणूस असो वा नसो, विमानाचा तोल ढळत नसे. आजोबांनी गाडीत शेवटचे पोते नेमके आसावर ठेवले असते, तसेच हे.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला अमेरिकेत ऑर्व्हिलचे विमान पंखा मोडून कोसळले. बरोबरचा लष्करी अधिकारी टॉमस सेल्फ्रिज मरण पावला, ऑर्व्हिल जबर जखमी झाला. विल्बर परक्या देशात एकटा होता. काही दिवस त्याने उड्डाण थांबवले, मग पुन्हा सुरू केले आणि ३१ डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत दोन तास वीस मिनिटे हवेत राहिला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला पाण्यावरून उडायचे होते, तेव्हा पाण्यात पडलोच तर तरंगावे म्हणून विमानाच्या पोटाखाली त्याने बाजारातून आणलेली एक लाल होडी बांधली. त्या होडीनिशी तो स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला वळसा घालून आला.

यानंतरचे आयुष्य मात्र वाचताना वाईट वाटते. १९०६ मध्ये मिळालेल्या पेटंटवरून ग्लेन कर्टिस आणि इतरांशी खटले सुरू झाले. विल्बर वकिलांच्या कचेऱ्यांत आणि न्यायालयांत दिवस काढू लागला. उडणे जवळजवळ बंद झाले. त्याची बाजू न्यायाची होती की हट्टाची, यावर आजही वाद आहेत. पण ज्याने दहा वर्षे प्रत्येक पौंडाची जागा विचार करून ठरवली, त्याला स्वतःच्या दिवसांची वाटणी जमली नाही, असे मला वाटते. २५ मे १९१० रोजी वडिलांची परवानगी घेऊन दोघे भाऊ पहिल्यांदा आणि शेवटचे एकत्र उडाले. एरवी एकाला काही झाले तर काम थांबू नये, म्हणून ते एकत्र बसत नसत. त्याच दिवशी ऐंशी ओलांडलेल्या वडिलांनाही ऑर्व्हिलने आकाश दाखवले. १९१२ च्या मे महिन्यात विल्बरला विषमज्वर झाला आणि ३० मे रोजी तो गेला. वय पंचेचाळीस. स्मिथसोनियनला ते पहिले पत्र लिहून त्या दिवशी बरोबर तेरा वर्षे झाली होती.

त्याच्यामागे दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, अमेरिकन लष्कराने पाठीमागे इंजिन असलेली विमाने वापरणे बंद केले. अपघातात मागचे इंजिन पुढे येऊन चालकाला चिरडी, हे त्यामागचे एक कारण होते. ज्या भीतीने विल्बरने १९०३ मध्ये इंजिन बाजूला सरकवले होते, ती खरी ठरली होती.

आपल्याकडे विमानाचा विषय निघाला, की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हमखास येते. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईला चौपाटीवर विमान उडवल्याची कथा मीही शाळेत अभिमानाने ऐकली आहे. त्या उड्डाणाची विश्वासार्ह समकालीन नोंद पुढे आलेली नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार या कथेला नेहमी दिला जातो, त्यातली विमाने १९७४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी तपासली आणि ती उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष काढला. मला यात तळपद्यांचा अपमान वाटत नाही. इंजिनाचे वजन किती होते आणि ते कुठे बसवले होते, हे दोन प्रश्न कोणत्याही विमानाला विचारावेत, मग ते आपले असो की परक्याचे.

घरी विमान बांधणारे लोक आजही आहेत. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. अशा प्रत्येक विमानाला उडण्याआधी एक साधी परीक्षा द्यावी लागते. तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवून वजन घेतात. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणतात आणि तोलाचा बिंदू आखलेल्या हद्दीत येतो का, ते पाहतात.

या गुणाकारात भल्याभल्यांची फसगत होते. समजा, हौसेने दहा किलो जास्त वजनाचे, ताकदवान इंजिन बसवले आणि ते तोलाच्या बिंदूपासून दीड मीटर पुढे आहे. नाक जड झाले, म्हणून तीन मीटर मागे, शेपटीत, पाच किलो शिसे घालावे लागेल. म्हणजे दहा किलोचे पंधरा झाले. मग तेवढे उचलायला पंख मजबूत हवेत, की पुन्हा वजन आले. उलट हलके इंजिन आणले तर विमान मागे जड होते आणि ते इंजिन लांब नाक काढून पुढे न्यावे लागते. एक नट बदलला तरी हिशेब पुन्हा मांडायचा असतो.

आता आमच्याकडे कापूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातो आणि धुरी उचलून बघणारे हात फारसे उरलेले नाहीत. मध्यंतरी ओळखीच्या एका मुलाने कॉलेजसाठी केलेले छोटे विमान दाखवायला आणले. मोटर किती ताकदीची आहे, हे तो मोठ्या उत्साहाने सांगत होता. मी ते हातात घेतले, दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवले आणि उचलून धरले. शेपटी खाली गेली. त्याने माझ्याकडे पाहिले, मग काही न बोलता बॅटरी काढली आणि दोन बोटे पुढे सरकवली.